अवधूतरावांची परीक्षा आणि नानांची सही

"सर, टेस्टचं ध्येय काय लिहू तुमचं?" सम्राट साळवेनं विचारलं, तेव्हा अवधूतराव मुळे मंगल कार्यालयाच्या खांबाला मिठी मारून उभे होते.

मिठी प्रेमाची नव्हती. पायात चाकं असताना थांबायची त्यांना माहीत असलेली ती एकच रीत होती. राहात्यातल्या या कार्यालयामागे मोठा गुळगुळीत कोबा होता. लग्नाची तिथी नसेल त्या संध्याकाळी तिथे सम्राटचा स्केटिंगचा वर्ग भरायचा. वर्गात तेवीस मुलं होती, सगळी सहा ते अकरा वर्षांची. चोविसावे अवधूतराव. वय एकावन्न, कॉलेजात ग्रंथपाल. चार महिन्यांपूर्वी रस्त्यानं जाताना चाकांचा आवाज ऐकून ते आत डोकावले, पंधरा मिनिटं उभे राहिले आणि दुसऱ्या दिवशी नाव घालून आले. त्यांची शाखा, नोकरी, लग्न, घराचा रंग, सगळं कुणी ना कुणी ठरवून दिलेलं होतं. ही एक गोष्ट त्यांनी आपली आपण निवडली होती, आणि म्हणूनच बायको सोडून कुणालाही सांगितली नव्हती.

"थांबता आलं पाहिजे," अवधूतराव खांब न सोडता म्हणाले. "एवढंच लिहा, सर."

सत्तावीस वर्षांचा सम्राट त्यांना सर म्हणायचा आणि तेही त्याला सर म्हणायचे. त्यामुळे कोण कुणाला शिकवतंय हे लांबून कळत नसे.

सम्राटला हे ध्येय फारच आखूड वाटलं. तीन आठवड्यांनी शिर्डीत जिल्ह्याच्या स्केटिंग मंडळाच्या परीक्षा होत्या. पहिल्या लेव्हलला चारच गोष्टी होत्या: सरळ जायचं, एका पायावर तीन सेकंद तोल धरायचा, मुद्दाम खाली बसून आधाराशिवाय उठायचं आणि रेषेच्या आत थांबायचं. एवढ्या मोठ्या माणसानं ती देण्यापेक्षा सरळ दुसरी द्यावी, असं त्याचं म्हणणं. दुसरीत उलटं जायचं होतं आणि गिरकी घ्यायची होती. अवधूतराव म्हणाले की न पडता पहिली झाली तरी ते समाधानी आहेत.

"पडायचं न्हाई, हे ध्येय व्हत न्हाई सर," सम्राट म्हणाला. "पडल्यावर उठायचं, हे व्हतं."

शेवटी पहिली ठरली. सम्राटनं मोबाईलवर फॉर्म उघडून नाव, वय, पत्ता भरला आणि एका ठिकाणी तो अडला. मंडळानं फॉर्म मुलांसाठी केला होता. त्यात पालकाचं नाव घातल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. अवधूतरावांनी बायकोचं, भार्गवीचं नाव सुचवलं. पण नात्याच्या रकान्यात आई, वडील, आजी, आजोबा एवढेच पर्याय होते. सम्राटनं मंडळाच्या चिटणिसांना फोन लावला. त्यांनी सांगितलं की फॉर्म सगळ्यांना सारखाच, कागदावर पालकाची सही हवी आणि परीक्षेला पालक समक्ष हवेत.

"वडील हायेत ना सर तुमचे?"

"आहेत," अवधूतराव म्हणाले आणि त्यांनी खांब पुन्हा धरला.

नाना मुळे एकोणऐंशी वर्षांचे होते. चौतीस वर्षं मास्तरकी, त्यातली अकरा मुख्याध्यापक म्हणून. दोन वर्षांपूर्वी अवधूतरावांची आई गेल्यापासून ते ओसरीच्या खुर्चीतून फारसे उठत नव्हते. पेपर वाचायचे, त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुकांवर लाल खुणा करायचे आणि जेवायला हाक मारली की आत यायचे. अवधूतरावांनी तो कागद त्यांच्यापुढे, पेपराच्या घडीवर ठेवला.

नानांनी कागद दोनदा वाचला. 'स्केटींग' मधली दुसरी वेलांटी खोडून पहिली केली. मग चष्मा काढला.

"म्हणजे फिरायला जातो म्हणून सांगून तू हे करत होतास."

स्वयंपाकघरात भार्गवीनं उगाच भांडी वाजवली.

"पालक म्हणून सही करायची, तर आधी पाल्य काय करतो ते बघायला हवं," नाना म्हणाले. "उद्या तुझ्या सरांना भेटतो."

लाल शाईमुळे तो फॉर्म वाया गेला, दुसरा छापावा लागला. तो घेऊन दुसऱ्या दिवशी नाना रिक्षातून कार्यालयात उतरले. पांढरा सदरा, हातात काठी. त्यांना बघताच सम्राटनं नकळत शर्ट आत खोचला, आणि कुणी न सांगता तेवीस मुलं रांगेत उभी राहिली. अवधूतरावांनाही रांगेत जायचं होतं, पण चाकं त्यांना भलतीकडेच घेऊन गेली.

नानांनी हजेरी विचारली. बिचाऱ्या सम्राटला गुरुजींपुढे खोटं बोलणं जमलं नाही. त्यानं सांगितलं की सर गुरुवारी उशिरा येतात, गेल्या महिन्यात तीन दिवस आलेच नाहीत आणि सांगितलेला घरचा सराव करत नाहीत. बाकी स्वभाव चांगला आहे, कुणाशी भांडण नाही.

"शाळेतही असंच होतं," नाना म्हणाले. "ध्येय काय ठेवलंय?"

सम्राटनं पहिल्या लेव्हलच्या चार गोष्टी सांगितल्या. नानांनी रांगेतल्या सगळ्यात छोट्या मुलीकडे बोट करून ही कोणती परीक्षा देणार म्हणून विचारलं. तीही पहिलीच देणार होती. नानांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. मग त्यांनी विचारलं की दुसरी दिली तर काय बिघडेल. सम्राट म्हणाला की गुरुजी, माझं तेच म्हणणं होतं. दोघांचं एकमत व्हायला एक मिनिटही लागलं नाही. त्या मिनिटात अवधूतराव दोन हातांच्या अंतरावर उभे होते, पण त्यांना कुणी विचारलं नाही. पस्तीस वर्षांपूर्वी त्यांना शास्त्र शाखेला घातलं, तेव्हाही ते असेच बाजूला उभे होते. फरक एवढाच, की तेव्हा जमीन पायाखालून सरकत नव्हती.

सम्राटनं फॉर्मवर पहिलीची दुसरी केली आणि नानांनी खाली झोकदार सही केली.

आणि दुसऱ्या दिवसापासून ते रोज येऊ लागले. घडीची खुर्ची, छत्री, वही. अवधूतराव कॉलेजातून परत येईपर्यंत नाना तयार होऊन ओसरीत उभे असायचे. आधी त्यांनी फक्त नोंदी घेतल्या, मग सूचना द्यायला सुरुवात केली. चौथ्या दिवशी "गुडघे वाकव" हा आवाज समोरच्या किराणा दुकानापर्यंत जाऊ लागला. आठवड्याभरात इतर मुलांचे आईबाप आपल्या मुलांचं कसं काय चाललंय ते सम्राटऐवजी नानांनाच विचारू लागले. हजेरी नाना घ्यायला लागले. सम्राटला त्यामुळे शिकवायला वेळ मिळू लागला, तेव्हा त्याची काही तक्रार नव्हती.

अवधूतरावांचे मात्र हाल होते. उलटं जायला ते शिकले, म्हणजे उलटे जाऊन भिंतीला पाठ लावायला शिकले. गिरकीत दोनदा पडले. थांबायचं तेवढं राहूनच गेलं, कारण वेळ सगळा दुसरीच्या अभ्यासात जात होता. एका रात्री जेवताना त्यांनी भार्गवीला हळूच सांगितलं की उद्या नानांना स्पष्ट सांगतो, मला पहिलीच द्यायची आहे.

"सांगा," भार्गवी म्हणाली. "पण आज त्यांनी चार वाजता इस्त्रीचा सदरा मागून घेतला. दोन वर्षांत पहिल्यांदा. तेवढं लक्षात ठेवून सांगा."

अवधूतरावांनी सांगितलं नाही.

परीक्षेच्या रविवारी बापलेक शिर्डीला स्टॅंडवर उतरून रिक्षात बसले. रिक्षावाल्यानं दर्शनाला का म्हणून विचारलं आणि फुलांच्या दुकानाकडे वळायला लागला. नानांनी त्याला थांबवून परीक्षा असल्याचं सांगितलं.

"नातवाची का, बाबा?"

"मुलाची," नाना म्हणाले.

रिक्षावाल्यानं आरशातून मागच्या माणसाकडे बघितलं. गळ्यात स्केट अडकवलेले, अर्धे केस पिकलेले, ओठ कोरडे पडलेले. मग मैदान येईपर्यंत त्यानं काही विचारलं नाही.

एका शाळेच्या सिमेंटच्या मैदानावर परीक्षा होती. छातीवर बांधायचा नंबर मुलांच्या मापाचा होता, त्याच्या नाड्या अवधूतरावांना पुरेनात. शेवटी तो त्यांच्या दंडाला बांधला. टेबलाशी परीक्षक बसल्या होत्या, दीपा मॅडम, नगरहून आलेल्या, बोलायला गोड पण पेन्सिल टोकदार. त्यांनी विचारलं, "दुसरी लेव्हल ना?"

अवधूतरावांनी मैदानाकडे बघितलं. रेषेच्या पलीकडे दहा फुटांवर परीक्षकांचं टेबल होतं, टेबलामागे पालक, आणि खांब एकही नव्हता.

"नाही," ते म्हणाले. "पहिली."

दीपा मॅडमनी फॉर्म बघून सांगितलं की बदल करायचा तर पालकांची सही लागेल.

अवधूतराव दोन्ही हातांनी खुर्च्यांच्या पाठी धरत नानांपाशी गेले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी वडिलांपुढे आपलं म्हणणं न अडखळता पुरं केलं. "नाना, मला उलटं जाता येतं, पण सुलटं जाताना थांबता येत नाही. मी शिकायला आलो ते थांबायला. मला पहिली द्यायची आहे."

नानांनी मुलाच्या पायांकडे बघितलं, मग तोंडाकडे. वहीची तीन पानं उलटली. त्या वहीत उलट्या चालीच्या नोंदीच नोंदी होत्या, थांबण्याची एकही नव्हती. ते त्यांना आत्ताच दिसलं असावं.

"हे माझ्याकडून राहिलं," ते म्हणाले आणि कागद मांडीवर घेऊन त्यांनी सही केली. या वेळी झोकदार आली नाही, पण आली.

पहिल्या तीन गोष्टी झाल्या. सरळ गेले, तोल धरला आणि खाली बसून उठले. उठताना चेहऱ्याचा रंग बदलला, पण हात कुठे टेकला नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग थांबायचं आलं. मागचा पाय आडवा लावायचा आणि रेषेच्या आत उभं राहायचं. अवधूतराव निघाले. वेग हवा त्यापेक्षा जरा जास्तच आला. रेषा जवळ येऊ लागली. तिच्यामागचं टेबल जवळ येऊ लागलं. दीपा मॅडमनी पाण्याची बाटली उचलून घेतली.

"थांब," नाना म्हणाले.

तो साधा आवाज नव्हता. त्या आवाजानं पूर्वी मधल्या सुट्टीतली सहाशे मुलं जागच्या जागी उभी राहायची. अवधूतराव रेषेच्या दोन फूट अलीकडे खिळून थांबले. पण त्यांच्याबरोबर पलीकडच्या वर्तुळात गिरक्या घेणारी आठ मुलं थांबली, आणि फाटकाशी उसाचा रस काढणाऱ्यानं चरक थांबवला. सम्राट तर चाकं नसतानाही थांबला.

दीपा मॅडमनी नियम बघितले. बाहेरून हाताची मदत चालणार नाही असं लिहिलं होतं, आवाजाचं काही लिहिलं नव्हतं. तरी त्यांच्या मनाला ते पटेना. त्यांनी पुन्हा करून दाखवायला सांगितलं, आणि पालकांना शांत बसण्याची विनंती केली. नानांनी खिशातून रुमाल काढून तोंडावर धरला.

अवधूतराव पुन्हा निघाले. या वेळी कुणी काही बोललं नाही. त्यांनी पाय आडवा लावला, चाकं करकरली, अंग डगमगलं आणि ते थांबले. कशाला न धरता. स्वतः. फक्त रेषेच्या एक फूट पलीकडे.

दीपा मॅडमनी टेप लावून बघितला. तेरा इंच. कागदावर त्यांनी लिहिलं: पुन्हा बसावे.

अवधूतरावांना वाईट वाटायला हवं होतं. पण ते जिथे थांबले होते तिथेच उभे होते आणि खाली आपल्या पायांकडे बघत होते. त्यांना तिथून हलावंसं वाटत नव्हतं.

टेबलाकडून आवाज ऐकू आला म्हणून त्यांनी मान वर केली. नाना काठी टेकत तिथे पोचले होते. चौतीस वर्षांत या माणसानं कुणालाही अर्धा गुण वाढवून दिला नव्हता. सरपंच आले, सभापती आले, एकदा सख्खा मेहुणा आला, सगळ्यांना त्यांनी दारातूनच परत पाठवलं होतं. ते नाना आता दोन्ही हात टेबलावर टेकून हळू आवाजात सांगत होते, "मॅडम, फूटभर तर गेलाय. मुलगा मेहनती आहे. आज जरा घाबरलाय. बघा ना काही होतंय का."

"आजोबा, नियम आहे," दीपा मॅडम म्हणाल्या. "सगळ्यांना सारखाच."

नानांनी मान डोलावली. ते परत येऊन खुर्चीत बसले आणि बराच वेळ घाम पुसत राहिले. "पालक होऊन बसणं अवघड असतं रे," ते म्हणाले. "मला कल्पना नव्हती."

अवधूतराव शेजारी बसून स्केटच्या नाड्या सोडू लागले. तेवढ्यात सम्राट उसाच्या रसाचे तीन ग्लास घेऊन आला. पुढची परीक्षा चार महिन्यांनी होती आणि फॉर्म आजच भरून टाकू असं त्याचं म्हणणं होतं. त्यानं मोबाईल उघडला आणि सवयीनं नानांकडे बघितलं. नानांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि ग्लास तोंडाला लावला.

"ध्येय काय लिहू, सर?" सम्राटनं मग अवधूतरावांना विचारलं.

"पहिली लेव्हल," अवधूतराव म्हणाले. "आणि रेषेच्या एक फूट अलीकडे थांबायचं."

सम्राट लिहू लागला. नाना रस संपवत होते. ग्लास खाली ठेवेपर्यंत त्यांनी कसाबसा दम धरला.

"दीड लिहा," ते म्हणाले. "हाताशी असावं."

सम्राटनं अवधूतरावांकडे बघितलं. अवधूतरावांनी विचार केला, पायातल्या चाकाला बोटानं एक गिरकी दिली, ती पुरती थांबू दिली आणि मग म्हणाले, "सव्वा."