शिवदेवराव धन्यांनी आरसी उघडू दिली नाही, त्याची हकीकत

गणरायास नमन, शारदेस नमन, आणि घडले तेवढेच लिहिण्याचे बळ देणाऱ्या कुलस्वामिनीस नमन. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, कार्तिक मासी एका राज्याचे धनी शिवदेवराव कैलासवासी जाहले. राज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही. ते राज्य जमिनीचे नव्हते, यंत्रांचे होते. हातात मावेल एवढी काचेची पाटी धन्यांनी निर्माण केली. तीतून दूरचे माणूस बोले, वाट विचारली तर वाट सांगे, माणसाचा आवाज साठवून ठेवी, आणि आंधळ्यास त्याची पत्रे वाचून दाखवी. लोक तिला आरसी म्हणत. ती सावकाराच्या हाती आली तशीच भाजीवालीच्याही हाती आली. एवढे काम एका पुरुषाने एका आयुष्यात केले, हे वैरीही नाकबूल करीत ना.

परंतु धन्यांचा एक हुकूम होता की आरसी कोणी उघडू नये. तीस फिरवून काढण्याजोगे मळसूत्र नाही, फट नाही, काच आणि धातू एकजीव. आतली बॅटरी मेली की जुनी राज्याच्या विक्रीठाण्यावर टाकावी आणि नवी घ्यावी. आरंभी ऐसे नव्हते. आरंभी धनी आणि त्यांचे जोडीदार धोंडजी जिनगर एका पत्र्याच्या शेडीत बसून आरशा घडवीत, आणि त्यांस चार कोपऱ्यांत चार मळसूत्रे असत. मग लोकांनी त्या उघडल्या, आत धूळ गेली, आरशा बिघडल्या आणि नाव धन्यांचे खराब झाले. मग धनी म्हणाले, मळसूत्र बंद. धोंडजी म्हणाले, "शिवदेवा, देवळाचे घड्याळ खोलून तू ही विद्या शिकलास. पुजाऱ्याने तुझे हात बांधले असते तर आज काय विकले असतेस, उदबत्त्या?" धनी म्हणाले, "ते घड्याळ मी बिघडवले होते. सहा महिने गावाची आरती चुकली." धोंडजी म्हणाले, "आणि सातव्या महिन्यात दुरुस्त कोणी केले? तूच ना?" या प्रश्नाचे उत्तर म्हणून धन्यांनी धोंडजींस राज्याबाहेर केले, आणि अठरा वर्षे दोघांत शब्द नाही.

पुढे धन्यांची पत्नी मथुराबाई निवर्तल्या, आणि त्यांचा आवाज एका जुन्या आरसीत तेवढा राहिला. धनी तो रोज सकाळी दार लावून ऐकत. मग यंदा भाद्रपदात धनी अंथरुणास खिळले, आणि त्याच सुमारास ती आरसी विझली. धन्यांची एकुलती कन्या सगुणाबाई, तिने ती ठाण्यावर पाठविली. ठाणेदाराने धन्यांचे नाव वाचले, डोकीस लावले, आणि उत्तर लिहिले की हुजुरांच्याच हुकुमाने जुनी आरसी उघडता येत नाही, आतील ठेव गेली असे समजावे, नवी घ्यावी, आपली सेवा करण्याची संधी दिली याबद्दल आभार. सगुणाबाई तो कागद घेऊन पित्यापाशी गेली आणि म्हणाली, "आबा, ठाणे आपले, हुकूम आपला. एक शब्द टाका." धनी म्हणाले, "माझ्यापुरता कायदा वाकवला तर तो कायदा नव्हे, माझी लहर झाली." ती म्हणाली, "मग सगळ्यांसाठीच बदला की." धनी हसले. म्हणाले, "आईवर गेलीस," आणि भिंतीकडे कूस वळवली. तिला वाटले, उद्या पुन्हा विचारू. दुसऱ्या दिवशी विचारले, तिसऱ्या दिवशी विचारले. आठव्या दिवशी विचारण्यास कोणी उरले नाही.

त्या राज्याची रीत ऐसी होती, की तेराव्या दिवशी वारसाने गेल्या धन्याच्या कीर्तीचा कागद दरबारात वाचून त्यावर मोहर करावी, मग गादीवर बसावे. मोहर झाली की कागदातील प्रत्येक वाक्य कायदा होई, पुढे कोणास फिरविता येत नसे. वारसाने मोहर न केली तर गादी कारभाऱ्याकडे जाई. कारभारी निळोपंत चाळीस वर्षांचे इमानी चाकर, अक्षर मोत्याचे. त्यांनी अकराव्या दिवशी मसुदा दाखविला. त्यात लिहिले होते की, धन्यांनी अंतकाळीही स्वतःची आरसी उघडू दिली नाही, ऐसा निग्रही पुरुष, सबब हा हुकूम आचंद्रार्क चालावा. सगुणाबाईंनी ते वाक्य दोनदा वाचले, मसुदा घडी करून ठेवला, विझलेली आरसी घेतली आणि पायी जुन्या बाजारात गेल्या.

तेथे धोंडजी पंखे आणि मिक्सर दुरुस्त करून पोट भरीत होते. म्हणाले, "या ताईसाहेब. बाप गेल्याचे ऐकले. येणार होतो, पण मला दारात घेतले नसते." मग त्यांनी आरसी पाहिली, काही विचारले नाही, गरम पाण्याची पिशवी घेऊन म्हाताऱ्याची पाठ शेकावी तशी काच शेकली, आणि पातळ पट्टी घालून उघडली. दोन घटकांचे काम झाले. नवी बॅटरी बसताच मथुराबाई बोलल्या, "अहो, येताना कोथिंबीर आणा. आणि जुडी मोठी आणा, मागच्यासारखी शेंडीएवढी नको." धोंडजींनी पंख्याकडे तोंड फिरविले. सगुणाबाई म्हणाल्या, "पुन्हा लावा." ते तीनदा ऐकले आणि मग त्या म्हणाल्या, "परवा दरबारात यावे. दारात मी स्वतः उभी राहते."

तेराव्या दिवशी दरबार भरला आणि निळोपंतांनी कागद पुढे केला. सगुणाबाई म्हणाल्या, "उघडू दिली नाही, हे खरे. पुढे लिहा की दोन घटकांचे काम होते." निळोपंत हळूच म्हणाले, "दुःखात बारीकसारीक मोठे दिसते, ताईसाहेब. आज मोहर करा, मग बोलू." "मोहरेनंतर बोलायला काय उरते, पंत?" "धन्यांचे हसे होईल." "खोटे लिहिले तर होईल." इतक्यात धन्यांवर जुना डूख धरलेला एक मुत्सद्दी मागून ओरडला, "मग हेही लिहा, की धन्यांनी या जिनगराची विद्या चोरली!" सगुणाबाई धोंडजींकडे वळल्या आणि म्हणाल्या, "काका, खरे ते सांगा. मी लिहीन." धोंडजी म्हणाले, "चोरली नाही. हात माझे, डोके त्याचे. तेवढे डोके मी पुन्हा पाहिले नाही. मला हाकलले ते लिहा. आणि जाताना मी त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या, तेही लिहा." दरबार हसला आणि मुत्सद्दी खाली बसला.

मग निळोपंत म्हणाले, "मोहर न झाल्यास गादी मजकडे येते, हे ध्यानी असावे." सगुणाबाईंनी मोहर पंतांसमोर ठेवली. म्हणाल्या, "आपण बसा. आबांनंतर आपल्याहून लायक कोणी नाही. पण हा कागद असा गेला, तर त्यावर माझी मोहर नसेल, आणि विचारील त्यास मी कारण सांगेन." गादीची इच्छा निळोपंतांस नव्हती ऐसे नाही. परंतु लेकीच्या मोहरेविना बापाची कीर्ती जगापुढे जावी, हे त्यांच्याने पाहवले नाही. त्यांनी लेखणी घेतली आणि म्हणाले, "सांगा."

सगुणाबाईंनी सांगितले, पंतांनी लिहिले, की धन्यांनी जगाच्या हाती आरसी दिली, त्यांच्याविना ती कोणी दिली नसती. ती उघडण्याचा हक्क दिला नाही, ही चूक केली. स्वतःस सवलत घेतली नाही, हा त्यांचा मोठेपणा. चूक दिसूनही फिरविली नाही, हा हट्ट. धोंडजी जिनगरांस अन्यायाने काढले. यापुढे प्रत्येक आरसीस चार मळसूत्रे असावी. येथे पंत थांबले आणि म्हणाले, "हट्ट हा शब्द राहू द्यावा?" सगुणाबाई म्हणाल्या, "राहू द्या. घरात आम्ही तोच म्हणत होतो." मग मोहर झाली.

इतके वर्तमान घडले ते लिहिले, पदरचे घातले नाही. धोंडजी पुन्हा राज्यात आले आणि रोज कोणाशी तरी भांडतात. लोक आरशा उघडतात, काही बिघडवून आणतात. मळसूत्रांपायी आरसी सूतभर जाड झाली. धन्यांस ती कदापि आवडली नसती. सगुणाबाई हे जाणतात, आणि तीच घडवितात.