मडावी सिस्टरचा दुसरा मजला

मडावी सिस्टर कुणाशीही बोलायला लागल्या की आधी त्याचं मनगट धरत. नव्या माणसाला वाटायचं, किती मायाळू बाई! माया वगैरे काही नसायची. त्या नाडी मोजत असत. तीन बोटं तुमच्या मनगटावर, नजर स्वतःच्या घड्याळावर आणि तोंडानं, "हं, बोल आता."

त्यांचं म्हणणं असं, की माणूस खोटं बोलला की त्याची नाडी उडी मारते. हे कोणत्या पुस्तकात लिहिलंय, असं आमच्या मेडिकल ऑफिसरनी एकदा हसत हसत विचारलं. "तुमच्या पुस्तकात नसंन," असं म्हणून सिस्टरनी त्यांचंच मनगट धरलं. "सर, काल दौऱ्यावर गेलते का?" डॉक्टरांनी हात सोडवून खिशात घातला. पुढे बदली होईपर्यंत ते सिस्टरशी हात खिशात घालूनच बोलले.

मी तेव्हा अहेरीकडच्या एका सरकारी दवाखान्यात नवा नवा क्लार्क होतो. मूळचा वरोऱ्याचा. नोकरीला चार महिने झाले आणि घराची अशी आठवण यायला लागली, की मी आजी वारल्याचा रजेचा अर्ज लिहिला. सिस्टर टेबलाशी उभ्या होत्या. "अरेरे," म्हणत त्यांनी माझा हात हातात घेतला. मला वाटलं, सांत्वन. पाव मिनिटानं त्या हळूच म्हणाल्या, "बाबू, आजी जित्ती हाय. कारन बदल."

मी पोटदुखी लिहिलं. आजी त्यानंतर अकरा वर्षं जगली.

सिस्टर मूळच्या जंगलातल्या एका गोंड पाड्यातल्या. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची हिंमत दवाखान्यात कुणाला झाली नाही, कारण विचारणाऱ्याचंच मनगट धरलं जाण्याची भीती. तीस-एकतीस वर्षं एकाच सरकारी क्वार्टरमध्ये राहिल्या. मग रिटायर झाल्या. माझी तोवर चंद्रपूरला बदली झाली होती. निरोप समारंभाला मी मुद्दाम गेलो. सिस्टरना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. "सिस्टरशिवाय दवाखाना पोरका होईल," असं चौघांनी भाषणात सांगितलं. भाषण झाल्यावर सिस्टर त्या चौघांचे हात धरायला निघाल्या होत्या. मी मध्ये उभा राहून थोपवलं.

आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. फोनवर नाडी कळत नाही हा त्यांना फोनचा फार मोठा दोष वाटे. त्यामुळे त्या फोनवर कुणाचं ऐकतच नसत, फक्त सांगत.

"बाबू, मले चांद्याले फ्लॅट घ्याचा हाय. दुसऱ्या मजल्यावरचा."

"दुसऱ्याच का, सिस्टर?"

"तीन मजल्याईतला दुसरा. एकतीस साल माह्या डोक्यावर सरकारी छत गळलं. आता वर कोनी तरी राह्यले पायजे. गळलं त त्याच्या डोक्यावर गळंन."

नागभीडचा भाचा म्हणत होता, आत्या, माझ्या घराशेजारी प्लॉट घे. पण भाचा समोर बसून बोलला होता, म्हणजे त्याचं मनगट हाताशी होतं. विषय तिथेच संपला.

ही दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. चंद्रपुरात, म्हणजे सिस्टरच्या चांद्यात, तेव्हा नव्या नव्या 'स्कीमा' उभ्या राहत होत्या. त्यातली एक सिस्टरच्या मनात भरली. नाव 'सागवान हाइट्स'. अख्ख्या इमारतीत सागवानाची काडी नव्हती. दारं प्लायवूडची होती आणि उंची म्हणाल तर तीन मजले. खाली काचेचं दार असलेलं बुकिंग ऑफिस. आत एसी, टेबलावर इमारतीची खेळण्यातली नक्कल आणि तिच्याभोवती स्पंजाची हिरवीगार झाडं. जागेवरची खरी झाडं तोडून झाली होती.

नकलेमागे रोशन नावाचा तरणाताठा एजंट बसलेला. गळ्यात टाय, कमरेला दोन मोबाइल. आम्ही आत गेलो. सिस्टरच्या पायात प्लास्टिकच्या चपला, खांद्याला दवाखान्याची जुनी पर्स, हातात छत्री. रोशननं उठून मला खुर्ची दिली. मला माहितीपत्रक दिलं. मला विचारलं, "सर, थंडा घेणार?" मग सिस्टरकडे मान वळवून, "मावशी, तुम्ही बाहेर बाकावर बसा ना, हवा छान आहे."

"मी तुही मावशी नाई," सिस्टर म्हणाल्या. "गिऱ्हाईक आहो."

रोशन माझ्याकडे बघून हसला. म्हातारी गमतीदार आहे, असं ते हसू होतं. "मग साहेबांना घेऊन या ना. फायनल बोलणं त्यांच्याशीच होईल."

"कोनत्या साहेबाले?"

"तुमच्या."

"माह्ये साहेब दर तीन सालानं बदलत गेले. त्याईतल्या कोनाले आनू?"

रोशनला काही उमजलं नाही. त्यानं नेहमीचा रस्ता धरला. "सेकंड फ्लोअर फुल आहे. टॉप फ्लोअर देतो. मस्त गच्ची, डोक्यावर थेट आकाश."

"आकाशच त नाई पायजे," सिस्टर म्हणाल्या आणि टेबलावरून हात घालून त्यांनी रोशनचं मनगट धरलं. "हं, बोल. ताबा कवा देशीन?"

"डिसेंबरमध्ये पझेशन."

"नव्वद." सिस्टरची नजर घड्याळावर. "कोनता डिसेंबर?"

"हाच."

"एकशे आठ."

रोशननं हात ओढून घेतला आणि मला बाजूला नेऊन म्हणाला, "सर, आईंना डॉक्टरला दाखवा."

तेवढ्यात काचेचं दार उघडून कोळसा खाणीतले एक अधिकारी सपत्नीक आले. रोशन असा उठला, की खुर्ची मागच्या भिंतीवर आपटली. आणि आमच्यादेखत त्यानं त्यांना सांगितलं, "सर, तुमच्यासाठी सेकंड फ्लोअर. दोन फ्लॅट आहेत, कुठलाही घ्या."

सिस्टर गोंडीत काहीतरी म्हणाल्या. मला ते कळलं नाही आणि बरंच झालं. मला वाटलं, आता निघतील. निघाल्या, पण बाहेर न जाता वर गेल्या. जिना चढून दुसऱ्या मजल्यावर. तिथे वॉचमनच्या बायकोकडून बादली घेऊन त्यांनी न्हाणीघरात पाणी ओतलं. पाणी मोरीकडे न जाता दारातून बाहेर, बेडरूममध्ये आलं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या ठोक्याला सिस्टर ऑफिसात हजर. गिऱ्हाइकांच्या सोफ्यावर बसल्या, पर्स मांडीवर. रोशननं विचारलं, "आता काय?"

"बसली आहो. तुह्या एसीची हवा खाऊन राह्यली."

ज्या बाईला तीस वर्षं कुणी वशिल्यानं, धाकानं की गोडीनं हलवू शकलं नव्हतं, तिला हा टायवाला काय हलवणार? त्या चंद्रपुरात घेतलेल्या भाड्याच्या खोलीतून रोज येत. संध्याकाळी साडेपाचला सोफ्यावरून उठत. आलेल्या गिऱ्हाइकांशी प्रेमानं बोलत. कुणी विचारलं, "बाई, कशी आहे हो बिल्डिंग?" तर खरं ते सांगत. "चांगली हाय. मी बी घेऊन राह्यली. निस्तं न्हानीतलं पानी बेडरूमात येते, तेवढं त्याईले दुरुस्त कराले लावा. आन संडासाच्या दाराले आतून कडी नाई. त आत बसून गानं म्हनाले लागते." गिऱ्हाईक रोशनकडे बघे. रोशन स्पंजाच्या झाडांकडे बघे.

चौथ्या दिवशी त्यानं मला माझ्या ऑफिसात फोन केला. आवाज रडवेला. "सर, प्लीज, त्यांना घेऊन जा. आज खाणवाले साहेब बुकिंगला येणार आहेत."

मी जेवणाची सुट्टी टाकून पोचलो, तेव्हा खाणवाले साहेब आणि बाई सोफ्यावर बसलेले. शेजारी सिस्टर. समोर रोशन उभ्यानं माहिती सांगत होता, पण त्याचे शब्द तुटत होते. दात एकमेकांवर वाजत होते. टायच्या गाठीखालचा गळा घामानं भिजला होता.

सिस्टर उठल्या. त्यांनी त्याचं मनगट धरलं. घड्याळाकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच आकडा सांगितला नाही.

"तुले ताप हाय."

"नाही नाही, एसीमुळे... मी ठीक आहे, मॅडम."

"बाबू, एसी बंद कर."

मी बंद केला. रोशनचे दात वाजतच राहिले.

"एसीनं अंगावर काटा येते," सिस्टर म्हणाल्या. "दात नाई वाजत. कितवा दिवस?"

"तीन... चार दिवसांपासून. रोज या टायमाला."

"रोज?" त्यांनी पर्स उघडली. रिटायर झालेल्या बायकांच्या पर्समध्ये काय असतं मला ठाऊक नाही. सिस्टरच्या पर्समध्ये कापूस, सुई आणि रुमालात गुंडाळलेल्या काचपट्ट्या होत्या. रोशनला कळायच्या आत त्याच्या बोटाचा थेंब काचेवर पडला. खाणवाल्या बाई किंचाळल्या. साहेब, माणूस धिप्पाड, पण त्यांना रक्त बघवलं नाही. ते बायकोचा हात धरून निघून गेले ते पुन्हा आले नाहीत.

सिस्टरनी रोशनचा टाय सोडून स्पंजाच्या झाडांवर फेकला, ऑटो बोलावली, त्याला आत कोंबलं आणि मला म्हणाल्या, "बाबू, दुकान सांभाळ."

ते दोन तास मी एजंट होतो. तीन गिऱ्हाइकं आली. मी त्यांना न्हाणीघर, संडास, सगळं दाखवलं. एकही फ्लॅट गेला नाही.

मलेरियाच निघाला, आणि साधासुधा नाही, डोक्यात जाणारा. आणखी एक दिवस त्यानं टाय लावून काढला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले. रोशन भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातला. चंद्रपुरात त्याचं कुणी नव्हतं. ऑफिसच्याच मागच्या खोलीत, सिमेंटच्या पोत्यांशेजारी झोपायचा. हे आम्हाला त्याच्या आईचा ठावठिकाणा शोधताना कळलं. दुसऱ्यांना घरं विकणाऱ्या त्या पोराची स्वतःची खाट बघून मी तिथल्याच एका पोत्यावर बसलो. सिस्टर बसल्या नाहीत. त्या डब्यात तांदळाची पेज घेऊन रोज वॉर्डात जात आणि तिथल्या नर्सेसना सलाइन कसं लावायचं ते सांगून जीव नकोसा करत.

"कसा आहे?" मी विचारलं.

"तापात बडबडून राह्यला. सेकंड फ्लोअर फुल, सेकंड फ्लोअर फुल." सिस्टर डबा पुसत म्हणाल्या. "म्या नाडी पाह्यली. खोटं."

तीन आठवड्यांनी आम्हाला ऑफिसातून निरोप आला. रोशन परत कामावर बसला होता. अंग निम्मं झालेलं, शर्टाची कॉलर मोकळी. सिस्टर आत येताच तो उभा राहिला आणि त्यानं स्वतःची खुर्ची पुढे सरकवली. न्हाणीघराचा उतार उखडून पुन्हा बसवला होता. संडासाला कडी लागली होती. दुसऱ्या मजल्यावरचा कोपऱ्याचा फ्लॅट त्यानं राखून ठेवला होता आणि ताबा डिसेंबरमध्ये नाही तर मार्चमध्ये मिळेल, हे आपण होऊन सांगितलं.

"आता कसं," सिस्टर म्हणाल्या. मनगटाला हातही लावला नाही.

फॉर्म रोशननंच भरायला घेतला. तो विचारी, सिस्टर सांगत. नाव. वडिलांचं नाव. मूळ गाव, ते दोनदा सांगावं लागलं, कारण त्या गावाचं नाव ऑफिसात कुणी ऐकलेलं नव्हतं. व्यवसाय, सेवानिवृत्त परिचारिका. सगळं फटाफट. आयुष्यभर या बाईनं जन्मनोंदीच्या वहीत दुसऱ्यांचेच रकाने भरले होते. आईचं नाव, बापाचं नाव, मुलगा की मुलगी, वजन किती. एकही रकाना कधी मोकळा सोडला नव्हता.

"फ्लॅटमध्ये राहणाऱ्या व्यक्ती किती?" रोशननं विचारलं.

सिस्टर थांबल्या.

मला वाटलं, ऐकू आलं नाही. रोशनलाही तेच वाटलं असावं, कारण त्यानं प्रश्न पुन्हा वाचला. सिस्टरनी पर्सची चेन उघडली, बंद केली. बाहेर रस्त्यावरून एक ट्रक गेला तो पूर्ण जाऊ दिला.

"एक," त्या म्हणाल्या.

रोशननं पेन टेकवलं, तोच त्यांनी हात पुढे केला. "थांब ना जरासा." मग माझ्याकडे वळून, दवाखान्यात मी त्यांचा जो आवाज कधी ऐकला नव्हता त्या आवाजात, "बाबू, दोन लिवलं त चालते का?"

"चालेल की. पण दुसरं कोण, सिस्टर?"

"मले का मालूम." त्या स्पंजाच्या झाडांकडे बघत होत्या. "कोनी आलं त. त्याले असं नोको वाटाले का आपल्याले मोजलंच नव्हतं."

मी भाच्याचं नाव काढणार होतो, पण ते नाव इथं उपयोगाचं नाही हे मलाही कळलं. रोशननं मान वर केली नाही. त्यानं रकान्यात आकडा लिहिला, फॉर्म फिरवून सिस्टरसमोर ठेवला आणि म्हणाला, "सिस्टर, इथं सही करा."

सिस्टरनी कागद उचलून डोळ्यांजवळ धरला. बराच वेळ धरला. मग तो त्याच्यापुढे टाकून नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "आकडा नीट काढ ना रे. दोन हाय का तीन, काई समजून नाई राह्यलं."

रोशननं पेन घेतलं आणि तो दोन पुन्हा एकदा, सावकाश, ठळक गिरवला.