ॲक्रॉइडांची मुलगी

सेड्रिक ॲक्रॉइडने पक्कं ठरवलं होतं, साखरपुड्याच्या चहालाच मुलीचं हे लग्न मोडायचं! तसा मुलगा वाईट नव्हता. नायजेल सज्जन, कमावता, भांडीसुद्धा घासायचा. पण आडनाव एन्टविसल! म्हणजे डोंगरापलीकडचा, लँकशरचा! यॉर्कशरच्या माणसाने पिढीजात वैऱ्यांतला असला जावई करायचा? त्यापेक्षा बिनदुधाचा चहा परवडला!

म्हणून त्याने गावच्या क्रिकेट क्लबच्या हॉलमध्ये भिंतभर नामांकित ॲक्रॉइड टांगले. गिरणीवाले, पाद्रीसाहेब आणि मधोमध सोनेरी चौकटीत आजोबा वॉल्टर. क्लबचे गोलंदाज, लँकशरच्या फलंदाजांचे कर्दनकाळ!

"पूर्वजांनी ओकचं रान तोडून शेत काढलं, तेच आमचं आडनाव!" सेड्रिक पाहुण्यांसमोर गरजला. "आणि आमची रूथ ते टाकून एन्टविसल होणार! शोभतं का हे?"

"अरे, तिला नायजेलबरोबर संसार करायचाय, आडनावाबरोबर नाही," बायको मॉरीन म्हणाली.

"तू गप्प बस! एडिथ आत्या, तू सांग! तुझे वडील, आपले वॉल्टर आजोबा, आज असते तर काय म्हणाले असते?"

नव्वदीची आत्या सावकाश केक चघळत होती. "म्हणाले असते, केक कोरडा झालाय."

"लँकशरबद्दल विचारतोय गं!"

"ते होय? रडले असते बिचारे. म्हातारपणी फार आठवण काढायचे घरची."

"कुठल्या घरची?"

"पलीकडच्याच की! आईवर जीव जडला नि डोंगर उतरून आले. पण यॉर्कशरमध्ये जन्मल्याशिवाय क्लब खेळायला घेईना! मग आईचंच आडनाव लावलं नि इथलाच म्हणून ठोकून दिलं. बाबा मूळचे एन्टविसल."

हॉलमधले सगळे कप जागच्या जागी थांबले.

"साफ खोटं!" सेड्रिक किंचाळला. मग त्याचे डोळे चमकले. "थांबा! म्हणजे नायजेल आपला भाऊबंद! लग्न रद्द!"

"कसला भाऊबंद? तिकडे दर दुसऱ्या दारात एन्टविसल," आत्याने आणखी एक तुकडा उचलला. "याचं घराणं वेगळं. मी कधीच विचारून घेतलंय."

सेड्रिकने आशेने क्लबच्या अध्यक्षांकडे पाहिलं. ते खुर्चीवर चढून वॉल्टरची तसबीर उतरवत होते.

"अहो, माझे आजोबा आहेत ते!"

"नियम म्हणजे नियम," अध्यक्ष म्हणाले.

रूथने बापाच्या गळ्यात हात टाकला. "बाबा, उगाच जीव खाल्लास बघ. मी कुठे आडनाव टाकतेय? आपलंच परत आणतेय!"

नायजेलने अदबीने कप पुढे केला. "घ्या, बाबा. फक्त दूध संपलंय."

सेड्रिक रागाने लालबुंद झाला. पण करतो काय! तसाच प्यायला.