बावीस गुणांचे टेकाळे

आमच्या जिल्ह्याच्या मनोमापन कार्यालयात बरोबर बावीस गुणांचा एक उदास माणूस काचेच्या खोलीत ठेवलेला आहे. वाण्याचा किलो खरा की खोटा हे जसं सरकारी वजनाशी ताडून बघतात, तशी दवाखान्यांची नैराश्य मोजायची पट्टी आमच्याकडे या माणसाशी ताडून बघतात. पट्टी म्हणजे सतरा प्रश्नांचा कागद. डॉक्टरांनी तो घेऊन यायचं, काचेतल्या या टेकाळ्यांना प्रश्न विचारायचे आणि उत्तरांना गुण द्यायचे. बेरीज बावीस आली तर पट्टी खरी, मी शिक्का मारते. एकोणीस आली तर डॉक्टरांना परत पाठवते, आणि खरं सांगायचं तर त्यात मला जरा मजा येते.

रघुनाथ टेकाळे पूर्वी पाणीपुरवठ्यात मीटर वाचायचे. नऊ वर्षांपूर्वी ओळीनं तीन दिवस त्यांचे बावीस भरले, तेव्हा त्यांना प्रमाण म्हणून जमा करून घेतलं. प्रमाण वजनाला उघडा हात लावायचा नसतो. टेकाळ्यांची समजूत काढायची नसते. त्यांच्या पत्नी, सुमित्राबाई, महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं येतात आणि नळ, रेशन, शेजाऱ्यांचं बांधकाम एवढ्यावरच बोलतात. मला हे कधी पटलं नाही, पण मला विचारतंय कोण.

दर तीन वर्षांनी खुद्द टेकाळेही तपासले जातात, साहेबांच्या कपाटातल्या मूळ पट्टीवर. म्हणजे पट्ट्या टेकाळ्यांवर तपासायच्या आणि टेकाळे पट्टीवर. हे कसं काय, असं विचारून आमच्या खात्यात कोणी वर गेलेलं नाही. एक गुण इकडेतिकडे चालतो. त्याहून जास्त फरक निघाला तर प्रमाण झिजलं असं समजून मोडीत काढायचं आणि घरच्यांच्या ताब्यात द्यायचं.

यंदा तपासणीच्या आठ दिवस आधी मी आपलं सहज त्यांना मोजलं. अकरा भरले. मी तीनदा बेरीज केली. असं कसं झालं म्हणून विचारलं तर टेकाळे म्हणाले, "नऊ वर्षांत शे-दोनशे डॉक्टर आले, मॅडम. प्रत्येकानं मला कसं वाटतंय ते विचारलं. इतकं विचारल्यावर माणूस किती दिवस तसाच राहील?"

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. मी तिथल्या तिथे सांगून टाकलं की टेकाळे, तुम्ही झिजलात, येत्या गुरुवारी घरी. साहेबांना कळायच्या आत सुमित्राबाईंना फोनही केला. इतका आनंद झाला होता मला, की त्या दिवशी दोन डॉक्टरांशी गोड बोलले.

आणि तेव्हापासून त्या खोलीत कोणाला स्वस्थता नाही. टेकाळे एका काचेपासून दुसऱ्या काचेपर्यंत येरझाऱ्या घालायला लागले. शर्टाचं बटण पिळून पिळून तोडलं. डबा जसाच्या तसा परत जायचा. म्हणे, आता घरी जाऊनच जेवेन. झोपेचं तर नावच नको. नऊ वर्षं पेपरातलं शब्दकोडं न चुकता सोडवणारा माणूस, पण आठ दिवसांत पेन्सिल उचलली नाही. त्यांच्याकडे बघून मलाही एका जागी बसवेना. कपाटं आवरली, पुन्हा पसरली, चहा केला आणि प्यायला विसरले.

गुरुवारी सुमित्राबाई साडेनऊलाच येऊन बाहेरच्या बाकावर बसल्या. मांडीवर पिशवी, पिशवीत नवऱ्याचा इस्त्रीचा शर्ट. आमचे ओगले साहेब कधी आवाज चढवत नाहीत आणि कधी सूटही देत नाहीत. त्यांनी मूळ पट्टी काढली. प्रश्न त्यांनी विचारायचे, गुण मी लिहायचे.

उदास वाटतं का? टेकाळे म्हणाले, अजिबात नाही, आणि चक्क हसले. मी शून्य चांगलं मोठं काढलं. अपराधी वाटतं का, जीव नकोसा होतो का, तिथेही शून्यच. मग झोपेचे तीन प्रश्न आले. टेकाळे खरं बोलणारा माणूस. आडवं पडल्यावर झोप लागत नाही, लागली तर मोडते, मोडली की पहाटेच उठून बसतो, असं त्यांनी सांगितलं. सहा गुण. भूक नाही, त्याचे दोन. काट्यावर वजन अडीच किलोनं उतरलेलं, त्याचे आणखी दोन. मी खुणा करत होते की जरा शांत बसा हो, पण ते खुर्चीवरून उठत होते, बसत होते, बोटं मोडत होते. साहेबांनी अस्वस्थतेचे पुरेपूर चार दिले. छातीत धडधडतं का, तर सकाळपासून नुसतं धडधडतंय म्हणाले. चार. शब्दकोडं कोरंच पडलेलं, म्हणून कामातलं लक्ष उडालं, दोन.

बाकीच्या प्रश्नांना शून्य. वीस झाले. विसावर टेकाळे घरी जात होते. शेवटचा प्रश्न राहिला होता: तुम्हाला काही आजार आहे असं वाटतं का? हा प्रश्न उलटा आहे. आहे म्हणणाऱ्याला शून्य, नाही म्हणणाऱ्याला दोन, कारण त्याला स्वतःचा आजार उमगत नाही असं धरतात. टेकाळ्यांनी काचेतून बाहेर बाकाकडे पाहिलं.

"मला काही झालेलं नाही, साहेब," ते म्हणाले. "मी ठणठणीत आहे."

बावीस.

"केसाचाही फरक नाही," साहेब म्हणाले. त्यांना खरोखर कौतुक वाटलं होतं.

मी म्हटलं, साहेब, यांना घरी जायचंय म्हणून झोप नाही, घरी जायचंय म्हणूनच धडधडतंय. ते रागावले नाहीत. त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला.

"कारणाचा रकाना दाखवा."

मी पुढून पाहिलं, मागून पाहिलं. रकाना नव्हता. शिक्का मारणं माझं काम, तो मी मारला, आणि मग मला रडू फुटलं. साहेबांनी मला बाहेर जायला सांगितलं. प्रमाणासमोर रडायचं नसतं.

सुमित्राबाईंना मी सगळं सांगितलं, एकेक गुण करून. आठ दिवस त्यांचाही डोळ्याला डोळा लागला नव्हता. पुढची तपासणी कधी, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तीन वर्षांनी. त्यांनी शर्टाची घडी मोडू न देता पिशवी बंद केली.

"त्या वेळी यांना आधी सांगू नका," त्या म्हणाल्या. "आणि मलाही सांगू नका."