हळद मागणारी सुपडूआक्का

कुणाच्या घरात नवऱ्याचा हात उठला, की आमच्या सुपडूआक्काची हळद संपायची.

भांडं आदळल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ बाईचं ओरडणं आलं, की आक्का हातातलं काम टाकून वाटी उचलायची आणि थेट त्या घराची कडी वाजवायची. "हळद शे का व माय? जराशी दे."

आतून नवरा खेकसला तरी ही उंबऱ्यावर फतकल मारून बसायची. "तुन्हं चालू दे रे भाऊ. मी आठेच बठस. माले काय घाई नही."

आता म्हातारी दारात वाटी घेऊन बसलेली असताना बायकोला मारायचं तरी कसं? गडी थोडा वेळ शिव्या द्यायचा, मग पाणी मागायचा आणि शेवटी खाली मान घालून बाहेर निघून जायचा. आक्का मात्र हळद घेतल्याशिवाय हलायची नाही. "मांगी, तं लेनी पडस," म्हणायची.

साठ-एकसष्टच्या सुमाराची ही गोष्ट. माझे यजमान नंदुरबार स्टेशनच्या मालधक्क्यावर कारकून होते. आमच्या क्वार्टरच्या मागे हमालांची वस्ती. बायका मिरची वाळत घालायच्या पथारीवर देठ खुडायला जात. संध्याकाळी हातांची आग होत असायची, त्यात नवरा पिऊन आलेला. मी नाशिकची, नवी नवरी. अहिराणी मला कळायला लागली ती आधी शिव्यांमधून आणि मग आक्काकडून.

आक्का एकटी राहायची. उंच, बाभळीसारखी काटक आणि तशीच काटेरी. वस्तीत महिला मंडळ निघालं तेव्हा शिलाई मशीन तिच्या ओट्यावर ठेवलं, कारण बाकी कुणाला ओटाच नव्हता. मला लिहिता येतं म्हणून मी चिटणीस झाले आणि कुणी नाही म्हणायला धजलं नाही म्हणून आक्का अध्यक्ष.

अध्यक्षांना शिवण मात्र येत नव्हतं. तिच्या पोलक्याची एक बाही कोपरापर्यंत यायची, दुसरी मनगटापर्यंत. मी हसले तर म्हणाली, "एक हात कामना, एक हात मिरवाना."

पण शिवणाच्या वर्गाला तिचा एक नियम होता. मशीनवर बसण्याआधी प्रत्येकीनं मोठ्यानं 'नही' म्हणायचं. "पहिले 'नही' म्हन, मंग सुई ओव." बायका पदर तोंडाला लावून खुदखुदायच्या. नाही म्हणायची सवयच नव्हती कुणाला. त्यातली कासू, दगडू हमालाची बायको, तर नुसते ओठ हलवायची. आक्का कानावर हात ठेवून ओरडायची, "काय? ऐकू नही उनं!" आणि कासू रडकुंडीला यायची.

एकदा आक्का तापानं फणफणली होती. मी तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होते. दिवेलागणीला दगडूच्या घरातून आरडाओरडा सुरू झाला. आक्का अंथरुणातूनच वाटी चाचपायला लागली, पण तिला उठवेना. मी घाबरत घाबरत बाहेर आले आणि बघतच राहिले. समोरच्या घरातून एक बाई वाटी घेऊन निघाली होती. तिच्या मागून दुसरी. बघता बघता दगडूच्या दारात वाट्यांची रांग लागली.

"हळद शे का?"

दगडूनं दार उघडलं. "समदासनी हळद आजच सरनी का?"

कुणी हललं नाही. दगडू चिडून मागे वळला, कासूवर हात उगारला, आणि तेवढ्यात आतून आवाज आला, "नही!"

एवढा मोठा, की कासू स्वतःच दचकली. दगडूचा हात वरच राहिला. मग तो खाली आला आणि दगडू तिथंच भिंतीला टेकून बसला. तो काही त्या दिवसापासून संत झाला नाही. पण आवाज चढवला की आधी दाराकडे बघायला लागला.

मी धावत जाऊन आक्काला सांगितलं. तिनं डोळे मिटूनच विचारलं, "हळद कितली मिळनी?"

"कुणी घेतलीच नाही."

"हात तुमनी!" म्हणाली आणि खोकला येईपर्यंत हसली.

त्या मार्गशीर्षात ती मला सारंगखेड्याच्या यात्रेला घेऊन गेली. घोड्यांच्या बाजारात घ्यायचा नसलेल्या घोड्याचे दात बघून मालकाशी भांडली, गुळाची जिलबी खाल्ली. मग बांगड्यांच्या दुकानाशी आली आणि तिथंच थबकली.

एक तरणी बाई कडेवर पोर घेऊन बांगड्या भरत होती. आक्का हळूच तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"हिरव्या भर, माय. तुन्हा हातले शोभतीन."

"हां मावशी," ती हसली आणि दोन्ही हात कासारापुढे केले. आक्का त्या हातांकडे टक लावून बघत होती. पोरानं आक्काचं बोट धरलं होतं. मागून तिच्या सासूनं हाक मारली. बाईनं पोराची मूठ सोडवली आणि ती गर्दीत गेली.

"कोण होती?" मी विचारलं.

"मन्ही लेक."

आक्का नेहमीच्याच आवाजात सांगत राहिली. तापीकाठच्या गावात तिचं सासर होतं. नवरा मारायचा. एके दिवशी जीव वाचवायला ती पळाली, तेव्हा रांगती पोर सासूच्या काखेत होती. पुन्हा दार उघडलं नाही कुणी. पोरीला सांगितलं, माय मेली. ती यात्रेला येते, म्हणून आक्काही दर वर्षी येते.

"अहो, मग सांगायचं ना तिला! एवढी जवळ होती!"

"काय सांगू? सुखमा शे ती. मनगटं दखी लिधी मी. डाग नही एकबी."

परतीच्या एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. गाडी सुटली, तापी मागे पडली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली,

"मावशी म्हनी माले. लोके म्हनतस ना, माय मरो, मावशी जगो."