दीड क्विंटल तांदळात एक फोन

कुलसुमचाचींच्या घरात मोबाईलला रेंज यायची ती एकाच जागी, न्हाणीच्या वरच्या फळीवर. स्वयंपाकघरात एक दांडी, सोप्यात अर्धी आणि त्या फळीवर मात्र पुऱ्या चार. म्हणून त्या रविवारी सकाळी फोन पुसून, पूर्ण चार्ज करून, हळदीच्या बोटांनी दृष्ट काढल्यासारखा तीनदा ओवाळून चाचींनी तो फळीवर नेऊन ठेवला. दुपारी ठीक बाराला त्याच्यावर रेडिओचा फोन यायचा होता.

साधासुधा फोन नव्हे तो. 'ओसरीवरची ओवी' नावाचा कार्यक्रम दर रविवारी लागायचा. घरोघरच्या बायका फोनवरून ओव्या म्हणायच्या आणि त्या त्याच क्षणी सगळ्या जिल्ह्यात ऐकू जायच्या. सुनेनं, रुबीनानं, चाचींना न सांगता त्यांच्याच फोनवर त्यांचा आवाज टिपून केंद्रावर पाठवला होता आणि तिथून उत्तर आलं होतं की रविवारी बारा वाजता तयार राहा. त्याला दहा दिवस झाले होते. म्हणायची ओवी ठरलेली होती. आईकडून आलेली, गडहिंग्लजच्या माहेरची:

माझ्या माहेराची वाट गं, जाते उसाच्या मधून
माय उभी उंबऱ्यात, हात कपाळी धरून

आईला जाऊन अकरा वर्षं झाली होती. तिचा आवाज कुठल्या फितीवर नव्हता, कुठल्या फोनात नव्हता. होता तो चाचींच्या गळ्यात. तो एकदा तरी वाऱ्यावर जावा, गडहिंग्लजला भावाच्या घरापर्यंत पोचावा, एवढीच त्यांची आस. पीठ मळताना, केर काढताना, अगदी नवऱ्याशी भांडताना मधल्या श्वासातसुद्धा त्या ही ओवी घोळवत होत्या.

आठ वाजता त्या न्हाणीत कपडे भिजवत होत्या. वर फोन थरथरला. कुणीतरी शुभ सकाळचा गुलाब पाठवला होता. गुलाब आला तसा फोन फळीवरून एक बोट सरकला. दुसरा गुलाब आला, दोन बोटं सरकला. तिसऱ्या गुलाबाला तो फळीच्या कडेवर आला, क्षणभर थबकला आणि सरळ खालच्या साबणाच्या बादलीत गेला. चाचींनी कोपरापर्यंत हात घालून त्याला बाहेर ओढला तेव्हा त्याच्या नाकातोंडातून फेस येत होता.

मग घर भरलं. आधी यजमान आले, अल्लाउद्दीनचाचा. त्यांचं कात्र्या-सुऱ्यांना धार लावायचं दुकान होतं आणि कुठल्याही वस्तूला आधी एक थाप द्यायची, मग फुंकर मारायची, ही त्यांची रीत. फोनला दोन्ही झालं. तालमीचा बाळासो गणपतीच्या महाप्रसादाचे तांदूळ गोळा करत गल्लीत फिरत होता, तो दारातूनच म्हणाला, की बंद करून परत चालू करा, निम्मे आजार तेवढ्यानंच जातात. कुणी पंक्चरवाल्याकडून हवा मारून आणायला सांगितलं, कुणी कौलावर उन्हात वाळत घालायला.

चाचांनी आपल्या बटणाच्या फोनवरून सुनेला गाठलं. रुबीना संगणकाच्या क्लासात शिकवायची आणि रविवारी सकाळी तिची बॅच असायची. तिनं शांतपणे तीन गोष्टी सांगितल्या. एक, फोन आधी बंद करा. दोन, कव्हर काढून, पुसून, वाऱ्याला उभा ठेवा. तीन, तांदळात तेवढा घालू नका, कणी आणि भुसा भोकांत जातो. सिम काढून चाचांच्या फोनात घालता येईल का, तेही करून बघितलं. पण ती नखाएवढी सिम त्या जुन्या फोनाच्या खणात तळ्यात बेडूक बसावा तशी बसली आणि बोलेना. परत होती तिथं गेली. केंद्राला दुसरा नंबर कळवायचा, तर केंद्राचा नंबरही ओल्या फोनातच होता.

रुबीनाची तिसरी गोष्ट समोरच्या बयाबाईंना पटली नाही. बयाबाई म्हणजे चाचींची तीस वर्षांची शेजारीण. दोघींचं दिवसातून तीनदा भांडण व्हायचं आणि चौथ्यांदा चहा.

"पोरीला काय कळतंय," बयाबाई म्हणाल्या. "माझ्या भाच्याचा फोन पंचगंगेत पडलाता. तांदळात घातला, दुसऱ्या दिवशी खणखणीत. मी सांगतो ते ऐक कुलसुम, तांदूळ पाणी पितोय."

"व्हय बयाक्का, मी पण व्हिडिओत बघितलंय तसं."

सुनेचं ऐकावं, शेजारणीचं ऐकावं की व्हिडिओचं? दोन मतं एका बाजूला पडली. चाचींनी फोन बंद केला, फडक्यानं टिपला आणि कोनाड्यातल्या डब्यात, आजऱ्याच्या घनसाळ तांदळात, लेकराला कुशीत घ्यावं तसा खोल निजवला. वर झाकण लावलं. मग त्या अंघोळीला गेल्या. अंघोळ झाली, ठेवणीतली मोरपंखी साडी निघाली, हातभर बांगड्या चढल्या. रेडिओवर कोण बघतंय, असं चाचांनी विचारायचं धाडस केलं. आवाजाला दिसतं, असं उत्तर आलं.

सव्वादहाला त्या डब्याजवळ आल्या. डबा हलका लागला. झाकण काढलं. तळाला सात-आठ दाणे आणि एक लवंग.

चाचा सोप्यात पेपर वाचत होते. त्यांनी अभिमानानं सांगितलं, की बाळासो पोतं घेऊन परत आलाता, दर घरानं दोन शेर द्यायचे ठरले होते, पण गेल्या वर्षी बयाबाईंनी चार दिलेते, म्हणून आपण ह्या खेपेला अख्खा डबाच ओतला. आठ शेर. आणि घनसाळ. गल्लीत आपलं नाव राहील.

चाचींनी पदर खोचला आणि त्या मोरपंखी साडीत, भर गल्लीतून, चपला न घालता तालमीकडं पळाल्या. मागून चाचा, हातात पेपर तसाच.

तालमीच्या मंडपात ताडपत्रीवर तांदूळ पडला होता. साठ घरांचा, दीड क्विंटल, कंबरेएवढा ढीग. घनसाळ, इंद्रायणी, रेशनचा, सगळा एकजीव. पलीकडं तीन दगडांच्या चुलीवर दोन हंडे चढले होते आणि आचारी पिराजी उलथणं खांद्यावर टाकून पहिलवानासारखा उभा होता.

चाचींनी धापा टाकत सगळं सांगितलं. पिराजीनं ऐकून घेतलं आणि नकार दिला. बाराला तांदूळ धुवायला जाणार, साडेबाराला आधणात पडणार, त्याआधी ढिगात कुणी हात घालायचा नाही, असा त्याचा तीस वर्षांचा नेम होता.

"पावणं," चाची म्हणाल्या, "फोन शिजल्यावर मसालेभाताला काय म्हणणार?"

पिराजीनं बारापर्यंत ढीग मोकळा सोडला. तेवढ्यात बाळासोनं डोकं चालवलं. त्यानं सगळ्यांना गप्प बसवलं, ढोल थांबवायला लावला, स्वतःच्या फोनवरून चाचींचा नंबर लावला आणि ढिगाला कान लावून बसला. फोन बंद असल्याचं एक बाई त्याला तीन भाषांत सांगत राहिली. बंद चाचींनी स्वतःच्या हातानंच केला होता. रुबीनाच्या तीन गोष्टींतली तेवढी एक त्यांनी इमानानं पाळली होती.

मग एकच उपाय उरला. गल्लीतल्या बायकांना हाका गेल्या. ज्या आल्या त्या सूप घेऊन आल्या, परात घेऊन आल्या, लेकरू कडेवर घेऊन आल्या. पंधरा-वीस जणी ढिगाभोवती बसल्या आणि तांदूळ सुपात घेऊन पाखडू लागल्या. चाळीस हात, चाळीस हातांच्या बांगड्या, सुपांचा एक ताल. असा ताल बसला की बाईच्या ओठांवर ओवी आल्यावाचून राहत नाही. कुणीतरी सुरुवात केली आणि ती साऱ्या मंडपात झुलू लागली. चाची मात्र गात नव्हत्या. आपली ओवी खर्च होईल, अशी त्यांना भीती वाटत होती. त्या सुपामागून सूप झाडत होत्या आणि तालमीच्या भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होत्या. अकरा झाले. साडेअकरा झाले. खडे निघाले, न कांडलेला भात निघाला, एक अंगठी निघाली जी कुणीच आपली म्हणेना, पण फोन निघेना.

बाराला सात कमी असताना चाचांच्या हाताला काहीतरी टणक लागलं.

फोन निघाला तेव्हा त्याच्या सगळ्या भोकांत तांदूळ होता, पण अंग कोरडं होतं. चाचींनी कळ दाबली. काच काळीच. दुसऱ्यांदा दाबली. तिसऱ्यांदा काचेवर उजेड पडला आणि कंपनीची धून वाजली, तशी साठ घरांची गल्ली एका दमात हसली. बाळासोनं गुलाल आणायला धाव घेतली, त्याला पिराजीनं तांदळाची आठवण करून देऊन थांबवलं.

ठीक बाराला फोन वाजला.

"नमस्कार, 'ओसरीवरची ओवी'मधून अदिती बोलतेय. कुलसुमचाची का?"

"व्हय, मीच."

"हॅलो? चाची, आवाज येत नाहीये."

"अगं, मीच हाय की."

अदितीला काहीच ऐकू जाईना. चाची ओरडल्या, बाळासो ओरडला, चाचांनी फोनला त्यांची ती थाप दिली. पलीकडून हॅलो हॅलो आणि फोन कट. पुन्हा आला, पुन्हा तेच. चाचींच्या डोळ्यांत पाणी जमलं. अकरा वर्षं गळ्यात जपलेला आवाज एका भोकापाशी येऊन अडला होता. इतक्यात क्लास संपवून रुबीना मंडपात शिरली. तिनं फोन हातात घेतला, उलटा करून बघितला आणि खालच्या बारक्या छिद्राकडं बोट दाखवलं. कणी अडकली होती, माईकच्या तोंडात, बुचासारखी. तिसऱ्यांदा घंटी वाजली तशी तिनं फोन उचलला आणि एकच खूण दाबली.

"स्पीकरवर घातलाय अम्मी. आता वरचा माईक चालंल. बोला."

"आला आवाज," अदिती म्हणाली, आणि तिचा तो गोड आवाज सगळ्या मंडपाला ऐकू गेला. "चाची, आपण थेट प्रसारणात आहोत. म्हणा तुमची ओवी."

चाचींनी तोंड उघडलं. आणि ओवी गेली. दहा दिवस घोळवलेली, श्वासात मुरलेली ओवी, पाखरू उडावं तशी गेली. ऊस आठवला, वाट आठवली, शब्द आठवेनात. अदितीनं एकदा धीर दिला, दोनदा दिला. जिल्हाभर शांतता ऐकू जात होती.

पाखडणं अजून थांबलं नव्हतं. पिराजीनं उरलेला ढीगही साफ करून मागितला होता. फोन उचलला गेलाय, एवढंच मागच्या रांगेत बयाबाईंना कळलं होतं. स्पीकरचं त्यांच्या गावी नव्हतं. सुपाच्या तालावर त्यांनी मजेत सूर धरला:

शेजीबाईचा गं फोन, पडला पाण्याच्या बादलीत
तांदळात निजवला, जसा तान्हा गं झोळीत

बायका फुटून हसल्या. चाचींच्या मानेला झटका बसला. फोन हातात होता हे त्या विसरल्या, रेडिओ विसरल्या, जिल्हा विसरल्या. तीस वर्षांत बयाबाईंचा टोमणा त्यांनी उधार ठेवला नव्हता.

तांदळाची गं ही युक्ती, शेजीबाईच्या डोक्याची
आग लावून वर घेती, ऊब आपणच चुलीची

बयाबाईंनी सूप खाली ठेवलं आणि बाह्या सावरल्या:

सून सांगे तीन गोष्टी, सासू ऐकत गं न्हाई
फोनातल्या व्हिडिओला, तिनं मानलं गं आई

सगळा मंडप चाचींकडं बघू लागला. पिराजीचं उलथणं हवेत राहिलं. चाचींनी एक श्वास घेतला. नजर रुबीनावरून फिरून बयाबाईंवर आली आणि आवाज आपोआप खाली उतरला, मऊ झाला:

सून माझी गं गुणाची, ऐकीन उद्यापासून
आज शेजीचं ऐकलं, जीव लावला म्हणून

कुणी हसलं नाही. बयाबाईंनी नाकाला पदर लावला आणि तांदळाचा भुसा फार उडतोय, असं शेजारणीला सांगितलं.

"वा चाची," फोनातून अदिती म्हणाली. चाची दचकल्या.

"अगं थांब बाई. आता म्हणतो माझी. आठवली."

"चाची, वेळ संपली की हो. छान झालं," आणि जाहिरात लागली.

चाची मटकन ताडपत्रीवर बसल्या. आईची ओवी राहिली आणि आपलं भांडण तेवढं जिल्ह्यानं ऐकलं. रुबीना काही बोलणार तोच फोन पुन्हा वाजला. गडहिंग्लजहून भाऊ होता, कामिल. चाचींनी तो कानाला लावला. कामिल नुसता हॅलो हॅलो करत राहिला. शेवटी रुबीनानं स्पीकर लावून दिला आणि साऱ्या मंडपानं ऐकलं.

"आपा, मी रिक्षा बाजूला घेऊन ऐकलो. तुझा आवाज न्हवता तो. अम्मीचा होता. आठवतंय का, ती पण शेजारणीशी अशीच भांडायची की ओवीतनं?"

चाचींना आठवलं. उंबऱ्यात कपाळी हात धरून उभी राहणारी आई त्यांनी दहा दिवस घोळवली होती. कमरेवर हात ठेवून गल्लीला उत्तर देणारी आई त्या विसरूनच गेल्या होत्या.

मग फोनांची रीघ लागली. कोडोलीची नणंद, वाडीची मावसबहीण, चाचांची गिऱ्हाइकं. प्रत्येकाचं कौतुक स्पीकरवर, कारण कानाला लावलं की चाचींचा आवाज पलीकडं पोचेना. मसालेभाताची पंगत उठेपर्यंत कुणाच्या कोण कुठल्या नणंदेनं काय म्हटलं, हे साऱ्या गल्लीला पाठ झालं. दोघींनी मिळून पुन्हा यावं, म्हणून अदितीचाही निरोप आला, तोही सर्वांसमक्ष.

संध्याकाळी रुबीना मऊ ब्रश आणि बारीक सुई घेऊन बसली. दोन मिनिटांचं काम होतं. कणी निघाली की फोन पहिल्यासारखा, कानाला लावून बोलता येईल, असं तिनं समजावलं आणि हात पुढं केला.

चाचींनी दाराबाहेर बघितलं. गल्लीत खिडक्या उघड्या होत्या. समोरच्या कट्ट्यावर बयाबाई लसूण सोलत बसल्या होत्या, निम्मा कान इकडं लावून. एवढ्यात घंटी वाजली. चाचींनी फोन उचलला, ओसरीच्या अगदी कडेला, गल्लीतली रेंज लागेल अशा जागी नेऊन ठेवला आणि स्पीकर लावला.

"ऱ्हाऊ दे गं ती कणी," त्या रुबीनाला म्हणाल्या. "काय त्रास देतीय का ती आपल्याला?"