गुणवंतकाका आणि त्यांच्या हाताखालचं पाणी

मोबाईलवर अतिवृष्टीच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला की आमच्या गावात सगळे जण बाहेरचं आत घेतात. वाळत घातलेले कपडे, शेळ्या, अंगणातली मोटारसायकल, ओसरीवरची म्हातारी माणसं. गुणवंतकाका नेमके त्याच वेळी बाहेर पडतात. आधी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालतात, डोक्याला तेल लावून भांग पाडतात, छत्री काखेत मारतात आणि नाल्याकडे निघतात. "काका, कुठं चालले जी?" असं कोणी विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं. "पाणी पाहून येतो. मोठ्या माणसानं लक्ष नाही घातलं का पाणी माजते."

आमचं गाव राळेगाव तालुक्यातलं. तालुक्याला जायच्या रस्त्यात एक नाला आहे आणि नाल्यावर रपटा आहे. रपटा म्हणजे पूल व्हायचा राहून गेलेली सिमेंटची पट्टी. उन्हाळ्यात तिच्यावरून आम्ही जातो, पावसाळ्यात पाणी जातं. तेवढ्या वेळात काठावर थांबावं, तंबाखू मळावी, सरकारला दोन शिव्या द्याव्यात, अशी आमच्याकडची रीत आहे. काकांना ती मान्य नाही.

कारण काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. ऐकणाऱ्याला वाटतं, या माणसानं धरणांची दारं उघडली असतील, पूर अडवले असतील. काका होते आवक-जावक कारकून. सगळी नोकरी पंख्याखाली. धरण त्यांनी एकदाच पाहिलं, खात्याच्या सहलीत, आणि तेव्हाही डबा खाऊन ऊन लागतं म्हणून गाडीत जाऊन बसले. पण पाण्याचे कागद जन्मभर हाताखालून गेले, तेव्हा पाणीही आपल्या हाताखालचंच, असा त्यांचा पक्का समज आहे. "मले नको शिकवू," ते मला सांगतात. "ह्या नाल्याची फाईल माह्या टेबलावर होती."

मी त्यांचा शेजारी. माझं कृषी केंद्र आहे. बी-बियाणं, खत, औषधं आणि नायलॉनचा दोर विकतो. हा दोर लक्षात ठेवा, कारण काकांच्या पराक्रमांशी माझा जो संबंध येतो तो दोरामुळे. काका पाण्यात अडकले की पहिली माणसं माझ्या दुकानात येतात. नवा दोर घेऊन जातात आणि चिखलात बरबटलेला आणून देतात. तो मग कोणी विकत घेत नाही.

काकांचं वैर नुसतं पाण्याशी नाही, एकूण हवामानाशीच आहे. वीज कडाडायला लागली की ते बिनधास्त शेतात उभे राहतात. त्यांचं शास्त्र असं : "वीज उंचावर पडते. मी पाच फुटाचा माणूस. माह्यावर पडायचं तर तिले वाकावं लागते. ते कायले वाकीन?" इथवर ठीक आहे. पण मी सहा फूट उंच आहे आणि विजा सुरू झाल्या की काका मला शोधत येतात. शेजारी उभे राहतात आणि निश्चिंतपणे गप्पा मारतात. मी खाली बसलो तर म्हणतात, "उभा राय ना बावा, काहून भेतं?"

मे महिन्यात तर बोलायलाच नको. आमच्याकडचं ऊन म्हणजे दुपारी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. सगळे कानाला दुपट्टा बांधून फिरतात. काका उघड्या डोक्यानं भर दुपारी एस.टी. स्टँडपर्यंत चालत जायचे, कशासाठी, तर तिथं बसून परत यायला. एकदा तिथंच भोवळ येऊन पडले. त्यांना रसवंतीच्या हातगाडीवर आडवं घालून घरी आणलं, पायाशी ऊस आणि उशाशी बर्फ. शुद्धीवर आल्यावर म्हणाले, "ऊन नाही लागलं मले. ह्याच्या रसात लिंबू कमी होतं, त्यानं झालं." रसवंतीवाला बिचारा त्यांना ओढून दमला होता.

पण खरा त्रास होता तो प्रकाशला. प्रकाश आमच्या गावातला मोटार मेकॅनिक, विहिरीत पडलेल्या पंपाच्या मोटारी बुडी मारून काढतो. असा माणूस गावात असला की पुरात कोण उतरणार हा प्रश्नच उरत नाही. जिल्ह्याचं बचाव पथक रबरी बोट घेऊन निघतं, नाही असं नाही. पण त्यांच्याही वाटेत नाले लागतात. शेवटी ट्रॅक्टरची ट्यूब, माझा दोर आणि प्रकाश, एवढंच आमचं पथक. नियंत्रण कक्षात फोन लावला की तिकडचा माणूस आधी विचारतो, "गुणवंतरावच हायेत का?"

पहिल्यांदा काका अडकले ते बाभळीवर. रपट्याच्या टोकाशी पाय सरकला, पाण्यानं उचललं आणि थोडं खाली एका बाभळीच्या बेचक्यात नेऊन बसवलं. आम्ही पोचलो तेव्हा वर पाऊस, खाली पूर आणि मधे बाभळीवर काका, छत्री उघडून. प्रकाश कमरेला दोर बांधून पोहत निघाला, तर काका वरून सूचना देऊ लागले. "डाव्या अंगानं ये! घाई नको करू! आधी पाण्याचा अंदाज घे!" बाहेर आल्यावर अंगातले काटे काढता काढता त्यांनी आम्हा सगळ्यांना शेरा दिला. "काम समाधानकारक. दोर थोडा ढिला होता. पुढच्या वर्षी सुधारणा करा."

पुढच्या वर्षी सुधारणा करायची वेळ आलीच. या खेपेला काका रपट्याच्या मधोमध सिमेंटच्या खुंट्याला मिठी मारून उभे होते. प्रकाश त्यांच्यापर्यंत पोचला तेव्हा म्हणाले, "उशीर केला तू. हजेरी लावू का नको?" प्रकाशनं त्यांना उचलून ट्यूबमध्ये कोंबलं. येताना एक ओंडका त्याच्या खांद्याला घासून गेला आणि त्याला पंधरा दिवस हात वर करता आला नाही. तेवढे दिवस धंदा बंद.

मग त्याची बायको वंदना काकांच्या घरी आली. मी तिथंच चहा पीत होतो. ती ओरडली नाही, त्यामुळे जास्त भीती वाटली. "काका," ती म्हणाली, "तुमची हौस होते. हा पाण्यात उतरते तवा मी काठावर उभी राहून कोणकोणत्या देवाले नवस बोलून राह्यते, तुमाले मालूम आहे? आमच्या घरी दोन लेकरं आहेत. तुमाले पाणी पायचं असन तर टाकी भरून देतो, तिच्यात पाहा."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "वंदना, तक्रार लेखी दे. तोंडी तक्रारीवर कारवाई होत नाही."

ती निघून गेली. पुढच्या उन्हाळ्यात काका तिच्याकडे ताक मागायला गेले नाहीत, एरवी रोज जायचे. पण प्रकाशचं येणं काही थांबलं नाही. काकू जाऊन बरीच वर्षं झालीत, मूलबाळ नाही. प्रकाश संध्याकाळी काकांकडे डोकावतोच. "नळाची तोटी पायतो," म्हणतो. एका नळाची तोटी रोज काय पाहायची असते, ते त्यालाच माहीत. खिचडी टाकून देतो आणि जातो. काका त्याला नावानं हाक मारत नाहीत. "कनिष्ठ" म्हणतात. "आमचा कनिष्ठ आला होता. काम बरं आहे त्याचं, पण अनुभव कमी."

हे सगळं मी हसत सांगतोय. अधिक महिन्यातल्या त्या दिवशी मला हसू आलं नव्हतं.

आमचे जावई धोंड्याचं जेवायला यायचे होते. लग्नानंतरचा पहिला अधिक महिना, त्यामुळे घरात पुरणाचे धोंडे, तेहतीस अनारसे आणि माझ्या बायकोची अखंड धावपळ. मुलगी आधीच येऊन बसली होती. आणि सकाळपासून असा पाऊस की समोरचं घर दिसेना. भोंगा वाजला. मी जावयांना फोन लावला, "निखिलराव, राळेगावातच थांबा, मागं फिरा." पण ते पलीकडच्या काठावर येऊन ठेपले होते आणि पावसात त्यांना "राळेगाव" एवढंच ऐकू आलं. मी तसाच चपला न घालता नाल्याकडे धावलो.

काका माझ्या आधी तिथं पोचले होते. इस्त्रीचा शर्ट, भांग, सगळं जागच्या जागी. छत्री उंच करून ते पलीकडे हाका मारत होते. "या जावईबापू! मधून या! घोट्याइतकं आहे! आपल्या हाताखालचं पाणी आहे!"

जावई आमचे सरळ माणूस. पांढरकवड्याला शाळेत शिक्षक. लग्नात कोणीतरी ओळख करून दिली होती, हे काका पाटबंधारे खात्यातले. त्यांना वाटलं, पाण्यातला जाणता माणूस बोलावतोय. त्यांनी गाडी तिकडेच लावली, बूट एका हातात घेतले, पेढ्यांचा डबा दुसऱ्या हातात घेतला आणि निघाले. मी "नका येऊ" म्हणून ओरडलो. ते हात हलवून हसले. अर्ध्यावर आले आणि वरून पाण्याचा लोंढा आला. घोट्याचं पाणी कमरेला लागलं. त्यांनी खुंट्याला मिठी मारली. बूट गेले. डबा का कोण जाणे त्यांनी सोडला नाही.

मला काकांची छत्री हिसकावून मोडावी इतका राग आला होता. काका मात्र छत्री खाली टाकून नुसते पाहत उभे होते. तोंड उघडं होतं आणि त्यातून सूचना निघत नव्हती.

प्रकाश आला. त्याच्यामागे वंदना आणि माझी मुलगी. दोन दोर आणले होते, एक ट्यूबला, एक त्याच्या कमरेला. गावातली माणसं दोन्ही दोरांवर वाटली गेली. तेवढ्यात काका पुढं आले आणि प्रकाशच्या दोरावर सगळ्यांच्या पुढं उभे राहिले. कोणीतरी म्हणालं, "काका, तुम्ही बाजूले व्हा जी." काका हलले नाहीत. आजवर ते नेहमी दोराच्या पाण्यातल्या टोकाला असायचे. काठावर उभं राहून दोर धरणं कसं असतं ते त्यांना माहीत नव्हतं.

प्रकाश पोचला. जावयांना ट्यूबमध्ये बसवलं, हात केला, आम्ही ट्यूब ओढली. जावई चिखलात येऊन पडले, छातीशी डबा तसाच. मुलगी रडत धावली. आणि मागे वळून पाहतो तर पाण्यात एक अख्खं पळसाचं झाड येत होतं. ते खुंट्यावर आदळलं. प्रकाश दिसेनासा झाला.

दोर आधी ताठ झाला, मग एकदम सैल पडला.

वंदना खाली बसली. तिचे ओठ हलत होते. आणि मग काकांचा आवाज ऐकला, जो मी इतक्या वर्षांच्या शेजारात कधी ऐकला नव्हता. "प्रकाश! ये रे बापा! ये माह्या लेका! नको जाऊ रे!" म्हातारा माणूस दोर ओढत होता, घसरत होता, गुडघ्यावर पडत होता, पुन्हा ओढत होता. आम्हीही ओढायला लागलो. कुठं ओढतोय ते कळत नव्हतं.

खालच्या अंगाला, बेशरमाच्या झुडपांत, प्रकाशचं डोकं वर आलं. तो खोकत होता, थुंकत होता आणि पळसाच्या झाडाच्या आईबापाचा उद्धार करत होता. इतकी गोड शिवी मी आयुष्यात ऐकली नाही. चार जणांनी उतरून त्याला वर घेतलं. वंदनानं आधी त्याच्या पाठीत एक धपका घातला आणि मग पदरानं त्याचं डोकं पुसलं.

माणसं जावयांभोवती जमली. डब्यातल्या पेढ्यांचा लगदा झाला होता, तो कोणीतरी वाटायलाही लागलं. मी काकांकडे वळलो. तोंडात चांगले चार शब्द तयार होते.

काका चिखलात बसले होते. शर्ट फाटला होता. दोर दोन्ही मुठींत तसाच आवळलेला, हातांतून रक्त येत होतं. मी म्हणालो, "काका, सोडा आता." त्यांना ऐकू आलं नाही. मी दोर सोडवायला गेलो तर मुठी उघडेनात.

प्रकाश लंगडत आला आणि त्यांच्यासमोर बसला. "काका, सोडा. मी आलो ना."

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. "आला?"

"हाव, आलो."

"मले वाटलं," काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज लहान पोरासारखा झाला, "सोडलं तर तू जाशीन."

प्रकाशनं त्यांची बोटं एकेक करून उघडायला घेतली. दोराचं दुसरं टोक अजून त्याच्या कमरेला बांधलेलंच होतं. ती गाठ सोडावी म्हणून मी खाली वाकलो, तर वंदनानं माझा हात धरला.

"राहू द्या जी भाऊ," ती म्हणाली. "थोडा वेळ राहू द्या."